चमच्यांची पेरणी

"लाल ठिपक्याचा चमचा दह्यात बुडाला, तर देव नक्की काय करतो?"

ठिणगीनं हा प्रश्न विचारला तो शुक्रवारी संध्याकाळी. आईनं मेणबत्त्या लावल्या होत्या, बाबांनी पावावरची प्रार्थना म्हणून पहिला तुकडा मोडला होता आणि अख्ख्या आठवड्यात फक्त त्याच वेळी घरात कुणी कुणावर खेकसत नसे. शांततेचा असा मुहूर्त पाहून प्रश्न टाकायचा, ही अट मैत्रिणींनी घातली होती. बाबांच्या हातातला तुकडा तोंडाशी जाता जाता थांबला. आईनं मेणबत्तीकडे पाहिलं, जणू उत्तर तिनं द्यायचं होतं.

ठिणगी हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. पण दाखल्यावरच्या नावानं तीनदा हाक मारावी तेव्हा ती 'काय' म्हणे, आणि ठिणगी म्हटलं की लगेच पेटे. त्यामुळे सगळ्यांनी आपली सोय पाहिली.

पैजेचं मूळ असं. चष्मिस आणि लांबडी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी मागच्या आठवड्यात अभ्यासाला घरी आल्या होत्या. ज्यूंच्या घरी मांस आणि दूध एकत्र शिजवत नाहीत, एकत्र खात नाहीत आणि दोन्हींची भांडीही वेगळी ठेवतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आईनं नेलपॉलिशनं ठिपके दिलेले असत. मांसाच्या भांड्यांना लाल, दुधाच्या भांड्यांना निळा. चष्मिसनं गप्पांच्या नादात हाताला लागला तो चमचा उचलला आणि दह्यात घातला. तो लाल ठिपक्याचा निघाला. आईनं असा श्वास घेतला की चष्मिसला वाटलं आपण दह्यात विंचू सोडला.

"एवढं काय झालं?" चष्मिसनं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं.

"नियम आहे."

"का आहे?"

"आहे म्हणजे आहे."

"म्हणजे तुलाही माहीत नाही," लांबडी म्हणाली. लांबडीचा स्वभाव तिच्या उंचीसारखा. सगळं वरून बघायचा. "घरी विचारून दाखव, चमचा बुडाला तर देव काय करतो ते. लावतेस पैज?"

आता, वर्गात गणिताच्या बाईंची चूक उभं राहून दाखवणारी मुलगी, गेल्याच महिन्यात वादविवादात पहिली आलेली, तिला कुणी 'तुलाही माहीत नाही' म्हणावं आणि ते खरं असावं, याच्याइतका अपमान दुसरा नाही. ठिणगी दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणजे जेवली, पण रागानं.

आणि आता टेबलावर बाबा म्हणाले, "गप जेव."

"हे उत्तर नाही."

"देव काही करत नाही," आई म्हणाली. "मला भांडी घासावी लागतात."

"मग घासून झालं की संपलं. लाल-निळं कशाला?"

"तुझ्या आत्याला विचार. ती जास्त पाळते."

आत्याला विचारायचं तर फोन करायला हवा, आणि शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, या घरात फोनला हात लावत नसत. टीव्हीही लावत नसत. फक्त मॅच असली की बाबा शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून असलेल्या खुर्चीत बसत आणि ती खुर्ची त्यांच्या कमरेला मानवते असं सांगत. ठिणगीनं आपला राग चोवीस तास झाकून ठेवला. राग दह्यासारखा असतो, झाकून ठेवला की जास्त घट्ट लागतो.

शनिवारी अंधार पडला आणि तिनं आधी फोनऐवजी स्वयंपाकघराचं कपाट उघडलं. तिचं म्हणणं, आत्याकडे जायचं तर पुराव्यानिशी. तिनं सगळी भांडी ओट्यावर मांडली आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. निम्म्या भांड्यांवर ठिपकाच नव्हता. घासून घासून उडाला होता. मोठी सुरी, दोन डाव, कालथा, चिमटा, सोलणं आणि मूठभर चमचे. कोण लाल आणि कोण निळं, देव जाणे.

"आई, हे ओळखतेस कसं?"

"अंदाजानं."

"अंदाजानं?" ठिणगीचा आवाज चढला. "वाढदिवसाला मटण होतं म्हणून मी माझाच केक दुसऱ्या दिवशी खाल्ला. सहलीत सगळ्या आइस्क्रीम खात होत्या आणि मी, मटण खाऊन ठरलेले तास झाले नाहीत म्हणून, घड्याळ बघत उभी होते. आणि इथे अंदाज चाललाय?"

आई एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, आणि त्यातली एकही चिठ्ठी तिनं आजवर अंदाजानं लावली नव्हती. हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण आई कपडे वाळत घालायला गेली. कपडे धुतलेलेच नव्हते.

आत्या फोनवर फार समजूतदारपणे बोलली. आत्या फार समजूतदारपणे बोलली की संकट ओळखावं.

"मिसळलं का? मातीत खोचून ठेव. माती सगळं ओढून घेते. माझ्या सासूबाई असंच करायच्या."

"किती वेळ?"

"मन शांत होईपर्यंत."

"कुणाचं? चमच्याचं?"

"उद्धटपणा करू नकोस. बाबासारखी झालीस अगदी."

'का' हे आत्यानंही सांगितलं नाही, पण निदान 'काय करायचं' हे तरी कुणी ठामपणे सांगितलं होतं. ठिणगीनं ठरवलं, पाळायचं तर काटेकोर पाळायचं, आणि सोमवारी शाळेत लांबडीच्या तोंडावर सांगायचं की आमच्याकडे अंदाज चालत नाही.

अडचण एकच. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात माती नव्हती. बाल्कनीत वॉशिंग मशीन होतं आणि एक प्लास्टिकचं रोप होतं, तेही सुकल्यासारखं दिसे. माती होती ती तळमजल्यावर, कुंडीकाकूंच्या दारात. पायऱ्यांपासून पाण्याच्या पंपापर्यंत त्यांच्या कुंड्यांची रांग होती, आणि प्रत्येक रोपाशी त्या माणसाशी बोलावं तशा बोलत. काही माणसांशी बोलत त्याहून बऱ्या. ठिणगीवर त्यांचा विशेष लोभ. सुट्टीच्या दिवशी जिन्यातून वर तोंड करून त्या हाक देत, "आज लाल की निळं गं?" निळं म्हटलं की दुधातलं काहीतरी गोड वर यायचं. लाल म्हटलं की फळं यायची, आणि गोडाची वाटी दुसऱ्या दिवसासाठी त्यांच्याच फ्रीजमध्ये राहायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नसे.

त्या रविवारी कुंडीकाकू लेकीकडे राहायला गेल्या होत्या. विचारायचं कुणाला? त्या नाही म्हणणार नाहीत अशी ठिणगीला खात्री होती, आणि तिची खात्री म्हणजे ती परवानगीच समजे. दुपारी इमारत डुलक्या काढत असताना ती खाली गेली आणि एका कुंडीत एक अशा हिशेबानं सगळं खोचून आली. गुलाबात सुरी. तुळशीसारख्या दिसणाऱ्या कुठल्याशा झाडात चिमटा. पुन्हा गोंधळ नको म्हणून तिनं आईच्या विणकामाच्या पिशवीतली लोकर घेतली आणि प्रत्येकाला गाठ मारली: जे लाल करायचं ठरलं त्याला लाल, जे निळं त्याला निळी. लांबून पाहिल्यावर तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काम कसं नीटनेटकं.

हीच तिची चूक. नुसती सुरी मातीत दिसली असती तर लोक म्हणाले असते, कुणीतरी विसरलं. सुरीला लाल दोरा बांधलेला दिसला की लोक वेगळं काहीतरी म्हणतात.

सोमवारी ती शाळेतून आली तेव्हा जिन्यात गर्दी होती. कुंडीकाकू पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांना कुणीतरी पाणी देत होतं.

"कुणी केलं असेल हो हे माझ्यावर? मी कुणाचं काय घोडं मारलं?"

"कुंड्यांना हात लावू नका," दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी म्हणाल्या. "मी ऐकलंय, मिठाचं पाणी ओतलं की उतरतं."

"उतरतं काय? ते अर्थिंग आहे," सेवानिवृत्त इंजिनिअरकाका म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन खूप वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. "लाल म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल. कुणीतरी पंपाची वीज चोरतंय."

"चमच्यानं?"

"चमचा उत्तम वाहक आहे."

ठिणगी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर फळ्यावर गेली. सेक्रेटरीकाकांनी सूचना लावलीसुद्धा होती. 'कुंड्यांमध्ये धातूच्या वस्तू पेरणाऱ्या समाजकंटकाचा शोध सुरू आहे. वस्तू पुरावा म्हणून मीटरच्या कपाटात कुलूपबंद केल्या आहेत. बुधवारी पार्किंगमध्ये सभा.'

समाजकंटक. वादविवादातली पहिली, स्वच्छतेच्या बाबतीत आईपेक्षा काटेकोर, ती समाजकंटक. ठिणगीचं उघडलेलं तोंड मिटलं. माफी मागायला आलेल्या माणसाला आधीच चोर म्हटलं की माफी घशात अडकते आणि तिचा राग होतो. आता सांगायचं तर सभेत, सगळ्यांसमोर, उभं राहून. मग बघू कंटक कोण ते.

मधले दिवस घरात कठीण गेले. आई आमटी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं वाढत होती. बाबांचं चष्म्याचं दुकान. त्यांनी फ्रेमचे स्क्रू पिळायच्या चिमुकल्या हत्यारानं एक काकडी कापायचा प्रयत्न केला आणि मग ती तशीच, गाजरासारखी चावून खाल्ली.

"भांडी कुठायत?" त्यांनी विचारलं.

"शुद्ध होतायत."

"कधी परत येतील?"

"मन शांत झालं की."

बाबांनी सूचना वाचली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, काकडीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. न विचारणं हा त्यांचा जुना हातखंडा. दरम्यान खाली मिठाचं पाणी ओतलं गेलं होतं आणि गुलाबानं मान टाकली होती. यावर मावशींचं म्हणणं, बघा, किती जालीम होतं ते.

बुधवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. सेक्रेटरीकाकांनी मीटरच्या कपाटातून जुन्या चादरीत गुंडाळलेला पुरावा आणला आणि स्टुलावर उलगडला. मोठी सुरी सगळ्यात वर होती. तिच्या मुठीवर आईबाबांच्या लग्नाची तारीख कोरलेली होती, कारण ती आत्यानंच आहेरात दिली होती. बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी सुरीकडे पाहिलं. तारीख त्यांना तिथून नक्की दिसली, चष्मेवाल्याला नाही दिसणार तर कुणाला. मग त्यांनी वर, पार्किंगच्या छताकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"या वस्तू कुणाच्या?" सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

बाबा छत बघत होते. आई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. ठिणगी उभी राहिली.

"आमच्या. मी खोचल्या. काकूंना न विचारता खोचल्या, ती चूक माझी. पण मी समाजकंटक नाही. आमच्याकडे दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी असतात, ती मिसळली होती, आणि आत्या म्हणाली की—"

"अहो, पोरांचं वेड," बाबा एकदम उठून हसले. दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर चुकला की ते असंच हसत. "जुन्या लोकांच्या अंधश्रद्धा हो. हिच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. आम्ही काही हे असलं मानत नाही."

लोक हसले. मोठं सैल, सुटल्यासारखं हसले. इंजिनिअरकाका म्हणाले, तरी अर्थिंगची शक्यता नाकारता येत नाही. सेक्रेटरीकाकांनी चादरीची चार टोकं बांधून गाठोडं बाबांच्या हातात दिलं. मिटलं प्रकरण. आणि ठिणगी उभीच होती. 'समाजकंटक' परवडलं होतं. 'आम्ही हे मानत नाही' हे तिच्या थोबाडीत बसलं होतं, तेही घरच्या हातानं.

पण हसली नाही अशी आणखी एक बाई होती.

"मानत नाही?" कुंडीकाकूंनी विचारलं. त्या हळू बोलल्या, म्हणून सगळे गप्प झाले. "मग मी इतकी वर्षं लाल की निळं ते कशाला विचारत होते?"

बाबांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"वाटी हातात घेऊन जिन्यात उभी राहायची मी. लाल म्हणालात की परत न्यायची. एकदाही तशीच पाठवली नाही. मला काय कळतंय त्यातलं? पण तुमचं आहे म्हणून मी पाळलं. आणि तुम्ही म्हणता मानत नाही." त्या उठल्या. "गुलाब गेला त्याचं मला एवढं वाटलं नाही."

त्या गेल्या आणि दार लागल्याचा आवाज आला. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं.

वर येताच ठिणगीनं थेट प्रार्थनालयातल्या म्हाताऱ्या गुरुजींना फोन लावला. ते नुकतेच आडवे झाले होते आणि त्यामुळे तिच्याइतकेच चिडलेले होते.

"मातीत? मातीत खोचायचं कुणी सांगितलं?"

"आत्यानं."

"कुठंही लिहिलेलं नाही. धातू असेल तर स्वच्छ घासायचा, एक दिवस तसाच ठेवायचा आणि उकळत्या पाण्यात बुडवायचा. संपलं."

म्हणजे कुंडीकाकूंचा गुलाब, अख्ख्या इमारतीची झोप आणि तिची अब्रू, हे सगळं नियमात नसलेल्या गोष्टीपायी गेलं होतं. ठिणगीला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं पैजेचा प्रश्न विचारला, पण मैत्रिणींनी शिकवला होता तसा नाही.

"पण का? मांस आणि दूध वेगळं का?"

तिकडून घोरल्यासारखा श्वास ऐकू आला. तिला वाटलं, झोपले.

"लिहिलंय ते एवढंच, की पिल्लू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. का, ते लिहिलेलं नाही. मी आपलं असं समजतो, की ज्या दुधावर ते वाढायचं त्यातच त्याला घालायचं, एवढं निर्ढावू नये माणसानं. जेवायच्या आधी क्षणभर तरी थांबावं. हे माझं उत्तर. पटलं तर घे, नाहीतर स्वतःचं शोध. आणि पुढच्या वेळी संध्याकाळी फोन कर."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. आई ओट्याशी होती. बाबा खुर्चीत होते, भिंतीला लागून असलेल्या नव्हे, साध्या.

"वेळ मारून नेली गं," बाबा म्हणाले. "इतक्या घरांत आपलं एकच घर असं. हसून घेतलं की लोक विसरतात. तुला नाही कळायचं."

"काकू विसरल्या?"

बाबांनी गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

"माझा केक तुम्ही दुसऱ्या दिवसावर टाकलात, बाबा, तेव्हा मानत होतात. काकूंची वाटी परत पाठवलीत, तेव्हा मानत होतात. फक्त चार लोकांपुढे मानायची वेळ आली की ती अंधश्रद्धा? आणि आई, तुझ्या प्रयोगशाळेत दोन फ्रीज आहेत ना, नमुन्यांचा आणि डब्यांचा? तिथे कुणी विचारलं तर तू छताकडे बघतेस?"

"छताकडे मी नव्हते बघत," आई म्हणाली. "पर्समध्ये बघत होते." मग तिनं बाबांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काकूंच्या न आपटलेल्या दाराचा आवाज होता. "पण चुकलंच माझं. तूही चुकलास."

आईनं सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं आणि भांडी घासायला घेतली. सुरीच्या मुठीतली माती निघेना. बाबा उठले, खिशातून ते स्क्रूचं हत्यार काढलं आणि कोरलेल्या तारखेतून एकेक कण उकरून काढू लागले. ठिणगीचा राग उतरला नव्हता, तिला तो उतरायला नकोच होता. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी काम मिळाल्यासारखं वाटत होतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली.

दोघांनी मान वर केली.

"मी पाळणार आहे. अंदाजानं नाही. भांडी उद्या उकळली की ठिपके मी देणार, आणि उडाले की पुन्हा मीच देणार. शाळेत, जिन्यात, सभेत कुणी का म्हणून विचारलं तर उत्तरही मीच देणार. अर्धंच येत असेल तर अर्धं देईन, पण हसून घालवणार नाही."

"बरं," बाबा हळूच म्हणाले. "पण हे सगळं का, ते तरी सांगशील?"

त्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विचारला होता. ठिणगीला लांबडीची फार आठवण झाली.

"कारण आपल्याशिवाय आणखी एक माणूस ते पाळत होतं, बाबा, आणि तिनं कधी का म्हणून विचारलं नाही. रविवारी सुट्टी आहे. सकाळी तुम्ही गुलाबाचं नवं रोप घेऊन खाली जायचं, आणि काकूंच्या हाकेची वाट न बघता तुम्हीच सांगायचं, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं: आज निळं आहे."